कुंपण कापताना वायर सांभाळा

महाराष्ट्रातला पाऊस परतीला निघालेला असतो, तेव्हा चेन्नईत छत्र्या बाहेर निघतात. इथला वर्षातला निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांतच पडतो. अड्यार, बेझंट नगरसारख्या भागात ज्यांच्या घरापुढे चार हात जागा आहे, त्यांचे मेंदीचे किंवा दुरंटाचे कुंपण बघता बघता फाटकावर झुकते. मग माळ्याची वाट न पाहता घरातले कोणीतरी कुंपण कापायचे विजेचे यंत्र बाहेर काढते.

नेमके इथेच चुकते. कुंपण ज्या दिवसांत भराभर वाढते, त्याच दिवसांत हे यंत्र सर्वात धोक्याचे असते.

लोक पात्याला घाबरतात, ते योग्यच आहे. पण पाते समोर दिसते, वायर मात्र पानांत लपते. म्हणून वायर खांद्यावरून पाठीमागे सोडावी आणि प्लगच्या बाजूने कापायला सुरुवात करून दूर जावे. एक्स्टेन्शन बाहेरच्या वापराचे, जोड न दिलेले आणि पूर्ण उलगडलेले असावे.

''आमच्याकडे एमसीबी आहे की!'' असे पुष्कळजण म्हणतात. एमसीबी वायरिंगला वाचवते, माणसाला नव्हे. ती पडायला कित्येक अँपिअर लागतात, माणसाचा जीव जायला मात्र एका अँपिअरचा लहानसा अंशही पुरतो. माणसासाठी असते ती आरसीसीबी. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी तेवढी गळती होताच क्षणार्धात वीज तोडते. कामाआधी तिचे 'टेस्ट' बटण दाबून पाहा. खटका पडला नाही, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

१ नोव्हेंबर २०१७ रोजी चेन्नईच्या कोडुंगैयूर भागात पावसाच्या पाण्यात पडलेल्या वायरमुळे दोन लहान मुलींचा जीव गेला. ती वायर रस्त्यावरची होती. पण ओली जमीन आणि उघडी तार एकत्र आली, की घरचे अंगणही तितकेच घातक.

इथे पुरुषमंडळी वेष्टी गुडघ्यावर दुमडून, अनवाणीच बागेत उतरतात. दिसते छान, पण या कामाला रबरी तळव्याचे बंद बूट, अंगाबरोबर बसणारे कपडे, चष्मा आणि हातमोजे हवेत. साडी असेल तर पदर घट्ट खोचा, सलवार-कमीज असेल तर ओढणी घरातच ठेवा. बहुतेक यंत्रांत दोन्ही मुठींवरचे खटके दाबल्याशिवाय पाते चालत नाही. फांदी धरायला एक हात मोकळा हवा म्हणून खटका चिकटपट्टीने बांधणारे महाभाग मी पाहिले आहेत. खटका सोडल्यावरही पाते क्षणभर फिरत राहते, हेही लक्षात असू द्या. अडकलेली काडी काढायची, ती प्लग काढल्यानंतरच.

वायर कापली गेलीच, तर तिला हात न लावता आधी बोर्डावरचे बटण बंद करा. कोणाला शॉक बसला, तर त्याला ओढायला धावू नका. मेन स्विच बंद करा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा.

बॅटरीवरच्या यंत्रात वायरची भीती नाही, पात्याची आहेच.

पाऊस उघडून पाने, जमीन सुकेपर्यंत थांबा. तोवर फाटकाची वाट अडलीच, तर हातकात्री आहे. वेळ जास्त लागेल, दुसऱ्या दिवशी खांदे दुखतील, इतकेच.