यंत्राचे आयुष्य चालकाच्या हाती

उन्हाळ्याच्या अखेरीस तलाव आटतात आणि वर्षानुवर्षे साचलेला गाळ उघडा पडतो. पावसाळा सुरू होईपर्यंतच तो काढता येतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे या कामास राज्यात मोठी चालना मिळाली. या मोजक्या दिवसांत पोकलेन यंत्र आठवडाभर जरी बंद पडले, तरी तेवढा गाळ तलावातच राहतो. शेताला माती मिळत नाही आणि तलावात पाण्याला जागा होत नाही. यंत्राची निगा ही केवळ मालकाच्या नफ्यातोट्याची बाब नाही, ती अशी.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल होणाऱ्या लोखंडासारखी दाहक बनते, आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणजे या इंजिनाच्या दोन मूलभूत गरजा आहेत : स्वच्छ हवा आणि स्वच्छ इंधन. एक लिटर डिझेल जळण्यास किमान दहा हजार लिटर हवा लागते. धुळीने भरलेल्या कार्यस्थळी ही सारी हवा गाळणीतूनच आत जाते. गाळणी फाटली, तर बारीक धूळ सिलिंडर आणि पिस्टनची कडी घासून काढते. हवेचा जोरदार झोत मारून गाळणी साफ करण्याची सवयही घातक ठरते. तिच्या कागदाला न दिसणारी छिद्रे पडतात.

इंधनाचेही तसेच. टाकी रात्रभर अर्धी रिकामी राहिली, तर आतील हवेतील बाष्प थंडाव्याने पाणी होऊन तळाशी उतरते. हे पाणी इंधन फवारणाऱ्या नाजूक नोझलला गंज आणते. म्हणून जाणता चालक संध्याकाळी टाकी भरून ठेवतो आणि सकाळी गाळणीच्या तळाचा नळ सोडून साचलेले पाणी काढून टाकतो.

त्याची सकाळ यंत्र सुरू करण्याने नव्हे, तर यंत्राभोवती फेरी मारण्याने सुरू होते. सपाट जागेवर उभ्या यंत्रातील तेलाची पातळी, रेडिएटरमधील पाणी, पट्ट्यांचा ताण, नळ्यांतून होणारी गळती तो पाहतो. सांध्यांना ग्रीस देतो. गाळात काम करणाऱ्या यंत्राची साखळी संध्याकाळी धुणे अगत्याचे असते. चिकट माती तीत वाळून घट्ट बसली, की साखळीवर अवाजवी ताण येतो आणि ती लवकर झिजते.

काम सुरू असताना धूर बोलतो. काळा धूर हवा अपुरी पडत असल्याचे किंवा इंधन जास्त जात असल्याचे सुचवितो. निळा धूर इंजिनचे तेल जळत असल्याचे सांगतो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला, तर डिझेल अर्धवट जळत आहे किंवा आत पाणी शिरत आहे, असे समजावे. यंत्र थांबवितानाही घाई नको. टर्बोचार्जरची चाके अतिशय वेगाने फिरतात व त्यांच्या बेअरिंगला इंजिनचेच तेल मिळते. भरधाव इंजिन एकाएकी बंद केल्यास तेल थांबते, तापलेले बेअरिंग मात्र फिरतच राहते. तीन ते पाच मिनिटे इंजिन मंद चालवून मग बंद करणे हा त्यावरचा बिनखर्ची उपाय होय. उतरण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकविणे आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण न उघडणे, हे नियम तर चालकाच्या स्वतःच्या जिवासाठीच आहेत.

या सर्वांची नोंद वहीत हवी. यंत्राचे वय वर्षांत नव्हे, चाललेल्या तासांत मोजले जाते. अनेक यंत्रांत दर २५० तासांनी इंजिनचे तेल बदलावे लागते. नेमके अंतर निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. पाळी बदलताना एका चालकाने ऐकलेला वेगळा आवाज दुसऱ्याला कळतो, तो या नोंदीमुळेच.

अडचण ज्ञानाची कमी, वेळेची अधिक असते. भाडे तासांवर ठरलेले असले, की सकाळची पंधरा मिनिटे वाया गेल्यासारखी वाटतात. परंतु ती वाचविण्याच्या नादात ऐन हंगामात यंत्र बंद पडले, तर त्याची किंमत मालकाबरोबर गावालाही मोजावी लागते. ती पंधरा मिनिटे चालकाला हक्काने मिळावीत, हे पाहणे मालकाचे आणि काम देणाऱ्याचेही कर्तव्य आहे.