खटावचा माळ, बैलगाडी आणि पाणी

निसर्गचित्राला जात नसते, असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. डोंगर, माळ, ओढा, ढग यांना कसली आली आहे जात? म्हणून तालुक्याच्या गावी एखाद्या स्थानिक चित्रकाराचे प्रदर्शन भरले की फीत कापली जाते, पाहुणे 'डोळ्यांचे पारणे फिटले' असे म्हणतात आणि सगळे चहा पिऊन घरी जातात. चित्रात काय होते यावर बोलायचे राहूनच जाते. त्यावर आम्हाला आज बोलायचे आहे.

यासाठी औंधसारखे दुसरे ठिकाण नाही. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातले हे गाव चित्रांमुळे जगाला माहीत झाले. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी रामायणावर चित्रे काढून 1916 साली त्यांचे पुस्तक केले. 1938 साली त्यांनी यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारले. राजा रविवर्मा, धुरंधर यांची चित्रे आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे मायलेकराचे शिल्प दुष्काळी खटावात आहे, ही लहान गोष्ट नाही. चांगल्याला चांगले म्हणायला आम्ही कचरत नाही.

चित्रकला ही काही मूठभरांची मक्तेदारीही नव्हती. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांना राजर्षी शाहू महाराजांनी आश्रय दिला. रंकाळा आणि कोटितीर्थाचे पाणी, सकाळ-संध्याकाळचा उजेड त्यांनी असा रंगवला की 1931 साली ते गेल्यानंतरही निसर्गचित्र म्हटले की कोल्हापूरकर आधी त्यांचेच नाव घेतात. गुण जातधर्म पाहून येत नाही, संधी मात्र जातधर्म पाहून दिली जाते. शाहूराजांना हे कळले होते.

आता आपल्या भागातली निसर्गचित्रे डोळ्यांसमोर आणा. देऊळ, नदीचा घाट, पडका वाडा, वडाचे झाड, आणि धुळीच्या वाटेने संध्याकाळी परतणारी बैलगाडी. ही बैलगाडी बहुतेक प्रदर्शनांत असतेच. पण आमच्या इतिहासात खटावच्या वाटेवरची एक बैलगाडी आहे, तिचे चित्र आम्ही या भिंतींवर पाहिलेले नाही.

साल 1901. उन्हाळ्याचे दिवस. रामजी सुभेदार खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदार होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकार तिथे तलाव खोदत होते. वडिलांना भेटायला नऊ वर्षांचे भीमराव, त्यांचे मोठे बंधू आणि दोन भाचे साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरले. मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले. गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असा सौदा झाला. सोबत भरपूर अन्न होते, पण पाणी नव्हते. वाटेत मिळाले ते चिखलाचे, शेणामुताचे. रात्री जकात नाक्यावरही कोणी घोटभर पाणी दिले नाही. मुले उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

म्हणजे एकीकडे सरकार तलाव खोदते आहे आणि त्याच वाटेवर चार लेकरे तहानेने व्याकूळ झाली आहेत. खटावच्या भूमीचे याहून खरे चित्र कोणते? त्या माळाला जात नव्हती, हे मान्य. पण माळावरच्या पाण्याला होती.

आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. तेव्हा ती औंध संस्थानातच होती. तिथे 1921 साली शंकरराव खरात जन्मले. त्यांचे वडील गावची तराळकी करीत. तराळाला शिवारातली वाट न वाट, बांध न बांध पाठ असे, कारण सांगावा घेऊन त्यालाच पायपीट करावी लागे. जमीन त्याच्या पायांना ठाऊक होती, पण ती नावावर दुसऱ्याच्या होती. खरातांनी ही भूमी 'तराळ-अंतराळ' या आत्मकथनात शब्दांत आणली. रंगात ती कोण आणणार?

प्रत्येक चित्राचा मोर्चातला फलक व्हावा, असे आमचे म्हणणे नाही. ढग सुंदर असतील तर सुंदरच रंगवा. पण चित्रकाराने वेशीपाशी थांबू नये. वेशीबाहेरची वस्ती, तिचा वेगळा पाणवठा, दुष्काळी कामावरची खडी फोडणारी माणसे हेही याच भूमीचे रूप आहे. आभाळ त्यांच्यावरही तेच असते.

आणि आपल्या समाजाला आमचे सांगणे आहे की कलादालन हे आपले नव्हे असे समजून बाहेर थांबू नका. मुलाबाळांना घेऊन औंधचे संग्रहालय पाहा. गावात प्रदर्शन भरले तर आत जा, चित्रापुढे उभे राहा आणि चित्रकाराला विचारा, 'यात आमची वस्ती कुठे आहे?' चित्रकलेच्या परीक्षा देणाऱ्या आपल्या मुलीला रंगपेटी घेऊन देताना हात आखडता घेऊ नका. मसूर ते गोरेगाव ही वाट अजून रंगवायची राहिली आहे. ती दुसऱ्या कोणी रंगवावी म्हणून वाट पाहण्यापेक्षा आपल्याच घरातला ब्रश त्या वाटेला लागला पाहिजे.