नावाजलेली नव्हे, जुळणारी रिकव्हरी

शाओमीचा रेडमी नोट ४ जानेवारी २०१७मध्ये भारतात आला. त्या वर्षी देशात सर्वाधिक खपलेल्या फोनांत त्याची गणना होते. ४१०० एमएएचची दणकट बॅटरी, धातूची पाठ, बेताची किंमत. कंपनीने त्याला अँड्रॉइड ७पर्यंत नेले आणि तिथेच सोडून दिले. असे फोन घराघरांतल्या खणांत आजही चालू स्थितीत सापडतात. स्क्रीन शाबूत, कॅमेरा बरा, फक्त आतले सॉफ्टवेअर जुने. जुन्या अँड्रॉइडवर अनेक अ‍ॅपच्या नव्या आवृत्त्या उतरतच नाहीत. पूर्वी ही केवळ हौशी लोकांची अडचण होती. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि मावळात इंद्रायणी भात लावणाऱ्या शेतकऱ्यालाही बांधावर उभे राहून अ‍ॅपमधून फोटो आणि ठिकाण नोंदवावे लागू लागले. फोन जुना असणे ही आता शेतीचीही अडचण झाली आहे.

अशा वेळी तळेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जाणारा घरातला मुलगा म्हणतो, “आबा, नवा फोन कशाला? यातच दुसरा रॉम टाकून देतो.” रॉम म्हणजे फोनची अख्खी अँड्रॉइड प्रणाली. त्याचे म्हणणे चूक नाही. लाइनेज ओएससारख्या प्रकल्पांत स्वयंसेवक जुन्या फोनांसाठी नवे अँड्रॉइड तयार करतात आणि ते फुकट मिळते. गंमत अशी, की रॉम कोणता टाकायचा यावर हा मुलगा आठवडाभर डोके खातो, पण रिकव्हरी मात्र मित्राने सांगितली ती किंवा सर्वात जास्त ऐकलेली. फोन बिघडतात ते बहुधा इथे.

आधी रिकव्हरी म्हणजे काय ते पाहू. पुण्याहून मुंबईकडे निघालेली रेल्वेगाडी खंडाळा ओलांडून बोर घाट उतरू लागते, तेव्हा तिला ठरलेल्या जागी थांबावेच लागते. ब्रेक ताब्यात आहेत हे दिसले की पुढचा मार्ग मिळतो. गाडी थांबलीच नाही, तर ती बाजूच्या चढावर जाणाऱ्या कॅच सायडिंगमध्ये शिरते आणि तिथे तिचा वेग मरतो. फोनमधली रिकव्हरी ही अशी सायडिंग आहे. रोज तिकडे कोणी फिरकत नाही, पण मुख्य मार्गावर काही बिनसले की आधार तिचाच. उपमा इथेच सोडलेली बरी, कारण रिकव्हरी गाडी नुसती थांबवत नाही, तिचे डबेही बदलू शकते.

तांत्रिक भाषेत सांगायचे तर रिकव्हरी ही एक वेगळी, चिमुकली लिनक्स प्रणाली आहे. फोनच्या साठवणुकीचे अनेक पार्टिशन असतात. एकात फोन सुरू करणारा बूटलोडर, एकात कर्नल, एकात अँड्रॉइड, एकात आपला डेटा, एका कोपऱ्यात मोडेमची माहिती. पॉवर आणि आवाज वाढवण्याचे बटण एकत्र दाबून धरले, की बहुतेक फोनांत अँड्रॉइडला न उठवता ही छोटी प्रणाली थेट मेमरीत चढते. त्यामुळे अँड्रॉइड पार कोसळले तरी ती चालते. कंपनीने दिलेली रिकव्हरी जाणूनबुजून कद्रू ठेवलेली असते. डेटा पुसणे आणि कंपनीची डिजिटल सही असलेले अपडेट बसवणे यापलीकडे ती फारसे काही करत नाही. दुसऱ्या कोणाचे पॅकेज दिले की नकार. म्हणून बूटलोडर अनलॉक करून तिच्या जागी बाहेरची, म्हणजे कस्टम रिकव्हरी बसवली जाते.

सुरुवातीच्या वर्षांत निवडीचा प्रश्न फारसा नव्हता. कौशिक दत्ता या प्रोग्रामरची क्लॉकवर्कमॉड हीच बहुतेक ठिकाणी चाले, आवाजाच्या बटणांनी वर-खाली करत. २०११मध्ये टीम विन रिकव्हरी प्रोजेक्ट, म्हणजे टीडब्ल्यूआरपी, आली आणि तिने पडद्याला बोट लावून काम करायची सोय दिली. पुढे क्लॉकवर्कमॉड मागे पडली. आज ऑरेंजफॉक्स, पिचब्लॅक अशी जी नावे ऐकू येतात, ती टीडब्ल्यूआरपीच्याच पायावर उभी आहेत. सजावट वेगळी, काही सोयी जास्त. ऑरेंजफॉक्स दिसायला देखणी आहे यात वाद नाही, पण वर्षातून दोनदा उघडायच्या गोष्टीचे रूप कशाला पाहायचे? लाइनेज ओएसची स्वतःची रिकव्हरी याच्या नेमकी उलट, अगदी साधी. संगणकाला केबल जोडून ‘साइडलोड’ने पॅकेज घ्यायचे, संपले. पोरांना ती मिळमिळीत वाटते.

माझे मत मात्र त्या मिळमिळीत रिकव्हरीच्या बाजूने झुकते. त्याचे कारण गेल्या दशकात फोनच्या पोटात झालेल्या बदलांत आहे. २०१६च्या अँड्रॉइड ७पासून ‘ए/बी’ रचना आली. प्रणालीच्या दोन प्रती ठेवायच्या, एक चालू असताना दुसरीवर अपडेट बसवायचे आणि मग अदलाबदल करायची. सोय मोठी, पण अशा अनेक फोनांत रिकव्हरीचे वेगळे पार्टिशनच उरले नाही. ती बूट पार्टिशनच्या आत गेली आणि पुढच्या काही फोनांत ‘व्हेंडर बूट’ नावाच्या भागात. याचा अर्थ असा, की नव्या फोनवर रिकव्हरी लिहिणे म्हणजे ज्या भागावर फोनचे उठणे अवलंबून आहे तोच भाग बदलणे. शिवाय रॉमचे पुढचे अपडेट आले, की दुसऱ्या प्रतीच्या जागेत, म्हणजे स्लॉटवर, रॉमची स्वतःची रिकव्हरी येते आणि हौसेने बसवलेली गायब. अँड्रॉइड १०पासून सिस्टिम, व्हेंडर वगैरे भाग ‘सुपर’ नावाच्या एकाच मोठ्या पार्टिशनमध्ये लवचीक आकाराने राहू लागले. ज्या रिकव्हरीला ही मांडणी कळत नाही, ती त्यात हात घालून घोळ करते.

खरी कसोटी एन्क्रिप्शनची आहे. यावर थोडे थांबायला हवे, कारण ‘रिकव्हरी चालते, पण फायली दिसत नाहीत’ ही तक्रार नेहमीची. अँड्रॉइड ७पासून फाइलवार एन्क्रिप्शन आले आणि अँड्रॉइड १०सह बाजारात आलेल्या फोनांना ते सक्तीचे झाले. प्रत्येक फाइल सांकेतिक रूपात लिहिलेली असते. ती उलगडायच्या किल्ल्या तुमचा पिन किंवा पॅटर्न आणि प्रोसेसरमधला एक सुरक्षित कप्पा, या दोघांच्या संमतीशिवाय मिळत नाहीत. तो कप्पा अँड्रॉइडची आवृत्ती आणि सुरक्षा अपडेटची तारीखही तपासतो. जुन्या, कच्च्या आवृत्तीकडे फोन मागे वळवून कोणी चोरी करू नये म्हणून ही खबरदारी. आता रिकव्हरी ही एक वेगळीच प्रणाली. तिची तारीख फोनमधल्या अँड्रॉइडपेक्षा जुनी निघाली, की कप्पा किल्ली द्यायला नकार देतो. यावर तोड म्हणून अनेक रिकव्हरी बनवणारे आपल्या आवृत्तीत सुरक्षा अपडेटची तारीख थेट २०९९ सालची घालतात. युक्ती चालते, पण काम कच्चे असेल आणि किल्ल्या त्या भविष्यातल्या तारखेशीच बांधल्या गेल्या, तर मूळ अँड्रॉइडलाच आपला डेटा उघडता येत नाही.

म्हणून नवी रिकव्हरी उघडल्यावर पहिली परीक्षा ही घ्यावी: ती तुमचा पिन विचारते का, आणि दिल्यावर फोटोंचा फोल्डर नावासकट दिसतो का? फोल्डरांच्या जागी अर्थहीन अक्षरांच्या माळा दिसल्या, तर ती रिकव्हरी तुमच्या फोनचे एन्क्रिप्शन उलगडू शकत नाही. रॉम बसवायला ती तरीही उपयोगी पडेल. साइडलोड, मेमरी कार्ड किंवा ओटीजीचा पेन ड्राइव्ह वापरता येतो. बॅकअपसाठी मात्र ती कुचकामी.

बॅकअपवरून आणखी एक गैरसमज. टीडब्ल्यूआरपीने डेटाचा बॅकअप घेतला म्हणजे सगळे आले, असे समजून लोक निर्धास्त होतात. त्या बॅकअपमध्ये अ‍ॅप आणि त्यांची माहिती येते, पण अंतर्गत साठवणुकीतले फोटो, व्हिडिओ, डाउनलोड वगळलेले असतात. लोहगडावरचे प्री-वेडिंग फोटो तिथेच असतात, हे ‘फॉरमॅट डेटा’ करून झाल्यावर आठवते. नुसते ‘वाइप’ आणि ‘फॉरमॅट डेटा’ यांत फरक आहे. पहिल्यात ते फोटो सहसा राहतात, दुसऱ्यात काहीच राहत नाही. म्हणूनच टीडब्ल्यूआरपी दुसऱ्यासाठी ‘येस’ हा शब्द अक्षर अक्षर टाइप करायला लावते.

आता जुळणीचा प्रश्न. खोक्यावरच्या नावावर विसंबू नये. रेडमी नोट ४ याच नावाखाली दोन वेगळे फोन होते. भारतात विकला गेलेला स्नॅपड्रॅगनचा, ज्याचे सांकेतिक नाव ‘मिडो’, आणि मीडियाटेकचा ‘निकेल’. एकाची रिकव्हरी दुसऱ्यावर लिहिणे म्हणजे संकटाला आमंत्रण. नोट ५ प्रो ‘व्हायरेड’, नोट ७ ‘लॅव्हेंडर’, पोको एफ१ ‘बेरिलियम’. ज्या पानावरून फाइल घ्याल तिथे हे सांकेतिक नाव स्पष्ट लिहिलेले हवे, शेवटची आवृत्ती कधी आली ते दिसायला हवे आणि कोणत्या अँड्रॉइडचे एन्क्रिप्शन ती उलगडते हेही सांगितलेले हवे. तीन वर्षांपूर्वीची ‘अधिकृत’ फाइल आणि गेल्या महिन्यातली रॉमकर्त्यानेच दिलेली फाइल यांत मी दुसरी घेईन.

बऱ्याच फोनांत रिकव्हरी लिहिण्याआधी चाखूनही पाहता येते. फास्टबूट, म्हणजे संगणकावरून फोनला आदेश देण्याच्या मोडमधून ‘बूट’चा आदेश दिला, की ती फाइल एकदाच मेमरीत चढते आणि फोन बंद करून सुरू केला की नाहीशी होते. ही सोय असेल तर वापरायचीच. सॅमसंगची तऱ्हा निराळी. तिथे फास्टबूट नाही, डाउनलोड मोड आणि ओडिन हे साधन आहे. बाहेरची प्रणाली एकदा सुरू झाली, की नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेचा इलेक्ट्रॉनिक फ्यूज कायमचा उडतो आणि त्यावर अवलंबून असलेल्या सुरक्षित सोयी परत मिळत नाहीत.

मावळातल्या माणसाने काही गोष्टी जास्तीच्या पाहाव्यात. जून ते सप्टेंबर लोणावळा-खंडाळ्याच्या पट्ट्यात पाऊस कोसळतो तेव्हा वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. फोनवर पार्टिशन लिहिले जात असताना डेस्कटॉप बंद पडला तर काम अर्धवट राहते. लॅपटॉप वापरावा, फोन निम्म्याहून अधिक चार्ज असावा, आणि सैल झालेल्या पोर्टमध्ये केबल हलवत बसू नये. दमट हवेत पोर्टमधले संपर्क गंजलेले असतील तर आधी ते साफ करून घ्यावेत. राजमाची किंवा तुंगच्या वाटेवर ऑफलाइन नकाशासाठी असा फोन उत्तम, मात्र बूटलोडर अनलॉक केलेला फोन हरवला तर सापडणारा त्यात बाहेरची प्रणाली सहज घालू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

पैशाचा फोन वेगळाच ठेवावा. बूटलोडर अनलॉक असल्याचे गुगलच्या प्ले इंटिग्रिटी तपासणीत उघड होते आणि बँकांची, यूपीआयची काही अ‍ॅप त्या आधारे चालायला नकार देतात. चिक्कीच्या दुकानाच्या गल्ल्यावर ज्या फोनवर दिवसभर पैसे जमा झाल्याचे संदेश येतात, तो प्रयोगाचा फोन नव्हे. आणखी एक: काही रिकव्हरी मोडेमच्या ‘ईएफएस’ भागाचा बॅकअप घेऊ देतात. तो जरूर घ्यावा, कारण तो भाग बिघडला तर फोन आयएमईआय हा आपला ओळख क्रमांक विसरतो आणि सिम चालत नाही. पण तो आपल्याच फोनवर परत लिहायचा. आयएमईआयमध्ये फेरफार केल्यास २०२३च्या दूरसंचार कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

निवाडा सांगायचा तर असा. वेगळे रिकव्हरी पार्टिशन असलेल्या मिडोसारख्या जुन्या फोनवर टीडब्ल्यूआरपी किंवा तिच्यावर बेतलेली, पण चालू निगा असलेली रिकव्हरी खुशाल घ्या. ए/बी रचनेच्या नव्या फोनवर रॉमसोबत आलेली रिकव्हरीच ठेवा आणि रॉमकर्ता सांगत नाही तोवर बदलू नका. आणि बूटलोडर अनलॉक करताच फोनमधले सगळे पुसले जाते, म्हणून फोटो आधी संगणकावर उतरवा, त्यातले चार-दोन तिथे उघडून पाहा आणि मगच आबांच्या फोनला हात लावा.