इंग्रजी शब्दांचे सहप्रयोग आणि मराठी भाषक अभ्यासक

१

वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असावे, त्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थही योग्य असावा आणि तरीही त्या भाषेच्या जाणकाराला ते खटकावे, असा अनुभव इंग्रजी लेखन तपासणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाला येतो. ‘आय डिड अ मिस्टेक’ या वाक्यात कर्ता, क्रियापद आणि कर्म यथास्थित आहेत, काळही बरोबर आहे. तथापि तेथे ‘मेड’ हवे, ‘डिड’ चालत नाही. का चालत नाही, असे विद्यार्थ्याने विचारल्यास ‘इंग्रजीत असे म्हणत नाहीत’ एवढेच उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर खरे आहे. परंतु त्यामागचा भाषिक व्यवहार उलगडून न दाखविल्यामुळे विद्यार्थी त्या तांबड्या रेघेचा अर्थ आपल्या बुद्धीची उणीव असा लावून घेतो.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या संदर्भात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्याच वर्षी सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले. तेव्हापासून या भागातील महाविद्यालयांत घरातील पहिलीच शिकणारी पिढी मोठ्या संख्येने येत राहिली. या विद्यार्थ्यांना इंग्रजी ऐकावयास मिळते ते मुख्यतः वर्गात. जे शब्दसंबंध कानावर पडूनच अंगवळणी पडावयाचे, ते त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत आणि मौखिक परीक्षेत वा मुलाखतीत त्यांचे मूल्यमापन मात्र नेमके त्यांवरून होते. इंग्रजीतील हे शब्दसंबंध कोणत्या स्वरूपाचे आहेत, ते कसे ओळखावेत आणि मराठीच्या अभ्यासकाजवळ त्यांच्या आकलनाची कोणती साधने आधीपासूनच आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

एका शब्दाबरोबर दुसरा विशिष्ट शब्द वारंवार आणि अपेक्षेने येणे, या घटनेला येथे ‘सहप्रयोग’ ही संज्ञा योजली आहे. इंग्रजीत ‘कोलोकेशन’ या नावाने तिचा विचार झाला. हॅरॉल्ड पामर यांनी जपानी विद्यार्थ्यांच्या अध्यापनाच्या निमित्ताने इंग्रजी सहप्रयोगांवरील अहवाल १९३३ मध्ये तोक्योहून प्रसिद्ध केला. म्हणजेच या विषयाच्या पद्धतशीर अभ्यासाला परभाषकांच्या अडचणीनेच मोठी चालना दिली. पुढे जे. आर. फर्थ यांनी १९५० च्या दशकात या संकल्पनेला अर्थविचारात स्थान दिले. शब्दाचा अर्थ त्याच्या संगतीवरूनही ठरतो, असे त्यांच्या भूमिकेचे सार सांगता येईल. हे फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे.

सहप्रयोग आणि वाक्प्रचार यांत भेद केला पाहिजे. ‘हात टेकणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ हात आणि टेकणे यांच्या अर्थांची बेरीज करून मिळत नाही. सहप्रयोगात अर्थ पारदर्शकच असतो. बांधलेली असते ती केवळ निवड. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो. पाऊस ‘हेवी’ असतो, पण वारा ‘स्ट्राँग’ असतो. मराठीत झोप गाढ, धुके दाट, दही घट्ट, वैरी कट्टर आणि काळोख मिट्ट असतो. ‘दाट झोप’ म्हटल्यास अर्थ कळेल, परंतु मराठी माणूस तसे म्हणणार नाही.

३

भारतीय शाब्दबोधविचाराने वाक्याच्या सिद्धीसाठी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या अटी सांगितल्या आहेत. पदांना परस्परांची अपेक्षा असावी, त्यांच्या अर्थांचा मेळ बसावा आणि ती जवळजवळ उच्चारली जावीत. ‘विस्तवाने शिंपतो’ असे म्हटल्यास योग्यतेचा भंग होतो, कारण शिंपणे हे विस्तवाचे काम नव्हे. आता ‘डिड अ मिस्टेक’ या प्रयोगाकडे पाहू. क्रियापदाला कर्माची आकांक्षा आहे, ती पूर्ण झाली आहे, चूक ही करण्याचीच गोष्ट असल्यामुळे योग्यता आहे, सन्निधीही आहे. तिन्ही अटी पूर्ण होऊनही प्रयोग अडतो. तेव्हा येथे काम करणारे तत्त्व अर्थाच्या मेळाचे नसून रूढीचे आहे, असे म्हणावे लागते.

वाक्याची उकल करण्याची शालेय पद्धतीही येथे अपुरी पडते. कऱ्हाडजवळच्या टेंभू येथे जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हा ग्रंथ १८८८ मध्ये प्रसिद्ध केला. वाक्यपृथक्करण वाक्यातील पदांची कार्ये दाखविते, उद्देश्य व विधेय वेगळे करते. परंतु कर्माच्या जागी ‘मिस्टेक’ आल्यावर क्रियापदाच्या जागी अनेक समानार्थकांपैकी कोणते यावे, हे सांगणे तिचे कार्य नव्हे. ते काम शब्दकोशाकडे जाते.

४

ही रूढी केवळ इंग्रजीची खोड नव्हे, हे विद्यार्थ्याला त्याच्याच शिवारातून दाखविता येते. सांगली व सातारा भागात ऊस तोडतात, भात कापतात, हळद काढतात, शाळू काढतात, कापूस वेचतात, पानमळ्यातील पाने खुडतात आणि आंबा उतरवितात. इंग्रजीत यांपैकी बहुतेकांसाठी ‘हार्वेस्ट’ हे एकच क्रियापद चालू शकते. या निवडींना काही अंशी कृतीचा आधार आहे. हळद जमिनीतून काढावी लागते, कापूस वेचावाच लागतो. पण ऊस कोयत्याने आणि भात विळ्याने, म्हणजे दोन्ही पात्यानेच कापले जात असताना एकाची ‘तोडणी’ आणि दुसऱ्याची ‘कापणी’ का, याचे उत्तर केवळ कृतीत सापडत नाही. ते रूढीत आहे. ‘ऊस कापला’ असे म्हणणारा परगावचा पाहुणा जसा लगेच ओळखू येतो, तसाच ‘डिड अ मिस्टेक’ लिहिणारा इंग्रजीत ओळखू येतो. दोघांच्याही बुद्धीचा येथे प्रश्न नाही.

अडचण निर्माण होते ती दोन भाषांतील रूढींच्या सीमा जुळत नाहीत म्हणून. मराठीत चूक, गृहपाठ, गुन्हा आणि सर्वेक्षण या चारही गोष्टी आपण ‘करतो’. इंग्रजीत त्यांच्यासाठी अनुक्रमे ‘मेक’, ‘डू’, ‘कमिट’ आणि ‘कंडक्ट’ ही चार क्रियापदे रूढ आहेत. उलट इंग्रजीतील एकट्या ‘टेक’ साठी मराठी माणूस छायाचित्र काढतो, आंघोळ करतो, औषध घेतो, परीक्षा देतो. आणि वेळ तर आपोआपच ‘लागतो’. ‘परीक्षा देणे’ या मराठी रूढीतूनच ‘गिव्ह ॲन एक्झाम’ हा आपल्याकडील इंग्रजी प्रयोग आला असावा, असे मानावयास जागा आहे. अशीच रूढी हिंदीतही असल्यामुळे तो देशभर ऐकू येतो.

५

मराठीच्या अभ्यासकाला या विषयाचे एक जुने साधन उपलब्ध आहे, याची जाणीव मात्र आपल्या वर्गांत क्वचितच करून दिली जाते. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आणि त्याची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. या कोशात पुष्कळ नामांच्या नोंदीत अर्थाबरोबरच क्रियापदाचा निर्देश करणारे संक्षिप्त चिन्ह येते आणि त्यापुढे ‘कर’, ‘घाल’, ‘लाव’, ‘मार’, ‘बस’ यांसारखी धातुरूपे दिलेली असतात. त्या नामाबरोबर मराठीत कोणती क्रियापदे चालतात, याची ती नोंद होय. षष्ठी कर्त्याची की कर्माची, हेही अनेकदा सुचविलेले असते. कोशकर्ता स्वतः परभाषक होता. मराठी माणसाला जे सांगण्याची गरज वाटली नसती, ते त्याला शोधून लिहून ठेवावे लागले.

इंग्रजीसाठी याच धर्तीचा, केवळ सहप्रयोगांना वाहिलेला बेन्सन, बेन्सन व इल्सन यांचा कोश १९८६ मध्ये आला. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका इंग्रजाने मराठीसाठी जी रीत अवलंबिली, तीच आज मराठी विद्यार्थ्याने इंग्रजीसाठी अवलंबावयाची आहे. नाम आधी लिहावे आणि त्याच्यापुढे त्याची क्रियापदे व विशेषणे नोंदवावीत. ‘डिसिजन’ या शब्दाचा अर्थ ‘निर्णय’ एवढाच वहीत उतरविल्यास शब्द अर्धाच हाती लागतो. त्याच्यापुढे ‘मेक’, ‘टेक’, ‘रिव्हर्स’ ही क्रियापदे लिहिली, तर तो वाक्यात वापरता येतो.

६

दोन शब्दांची संगत रूढ आहे की योगायोगाची, हे ठरविण्याचे शास्त्रीय साधनही आपल्याच परिसरात घडले आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली भारतीय इंग्रजीचा संगणकीय पाठसंचय तयार झाला व १९८६ मध्ये तो अभ्यासकांना उपलब्ध झाला. ‘कोल्हापूर कॉर्पस’ या नावाने तो जगभर ओळखला जातो. १९७८ साली भारतात प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी लेखनातून सुमारे २,००० शब्दांचा एक असे ५०० उतारे, म्हणजे एकूण सुमारे दहा लाख शब्द, त्यात आहेत. अमेरिकन इंग्रजीचा ब्राऊन संचय आणि ब्रिटिश इंग्रजीचा लँकेस्टर-ओस्लो-बर्गेन संचय यांच्याशी तुलना करता यावी, अशी त्याची रचना आहे. ते दोन्ही संचय १९६१ च्या लेखनावर आधारलेले असल्यामुळे एखादा फरक देशामुळे पडला की मधल्या सतरा वर्षांमुळे, हा विवेक मात्र तुलना करताना ठेवावा लागतो.

सहप्रयोगाचे मापन करण्यामागील तत्त्व सोपे आहे. समजा, दहा लाख शब्दांच्या संचयात एक शब्द १०० वेळा आणि दुसरा २०० वेळा आला आहे. शब्द केवळ चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विखुरलेले असते, तर पहिल्याच्या लगेच पुढे दुसरा येण्याची अपेक्षा १०० गुणिले २०० भागिले दहा लाख, म्हणजे ०.०२ इतकीच राहिली असती. अशा पन्नास संचयांत मिळून एकदा. प्रत्यक्षात ती जोडी दहा वेळा आढळली, तर ती अपेक्षेच्या ५०० पट झाली. अशी संगत योगायोगाची मानता येत नाही. दोन शब्दांमध्ये इतर शब्द येऊ शकतात म्हणून व्यवहारात दोन्ही बाजूंच्या चार-चार शब्दांपर्यंत शोध घेण्याची पद्धत आहे.

या साधनाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. दहा लाख शब्दांत जो शब्द चार-पाच वेळाच येतो, त्याच्या संगतीविषयी काहीच निश्चित सांगता येत नाही. म्हणूनच पुढील काळात १९९४ मध्ये पूर्ण झालेल्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पससारखे दहा कोटी शब्दांचे संचय उभे राहिले. तथापि कोल्हापूरच्या संचयाने एक मूलभूत प्रश्न आपल्यापुढे ठेवला. भारतीय लेखक जे इंग्रजी लिहितात, ते सदोष ब्रिटिश इंग्रजी आहे, की स्वतःची रूढी असलेली एक स्वतंत्र लकब आहे? एका विद्यार्थ्याच्या वहीत एकदाच आलेला विक्षेप चूक ठरतो. सुशिक्षित समाजाच्या मुद्रित लेखनात तोच सातत्याने आढळला, तर त्याला रूढी म्हणावे लागते. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याने या दोहोंना एकाच मापाने मोजणे न्याय्य नव्हे.

७

आता मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचा या विषयाशी येणारा थेट संबंध पाहावयाचा. इंग्रजी सहप्रयोग केवळ इंग्रजीतच राहिलेले नाहीत. भाषांतर, वृत्तपत्रे आणि प्रबंधलेखन यांच्या द्वारे ते मराठी गद्यात उतरले आहेत. ‘प्रकाश टाकणे’, ‘महत्त्वाची भूमिका बजावणे’, ‘पावले उचलणे’ यांशिवाय आज प्रबंधाचे एक पानही पुरे होत नाही. सरसकट परकीय म्हणून यांचा धिक्कार करणे मात्र अभ्यासाला धरून होणार नाही.

‘भूमिका बजावणे’ याचेच उदाहरण घेऊ. इंग्रजीत भूमिका ‘प्ले’ केली जाते. परंतु मराठीने ‘भूमिका खेळणे’ असे म्हटले नाही. हुकूम बजावणे, हक्क बजावणे, कामगिरी बजावणे या प्रयोगांतील आपले क्रियापद तिने त्या नव्या अर्थाच्या नामाला जोडले. कल्पना बाहेरची, संगत घरची. ‘निर्णय’ या शब्दाच्या बाबतीत जुन्या गद्यातील ‘निर्णय करणे’ मागे पडून ‘निर्णय घेणे’ स्थिरावले. तथापि न्यायालय निर्णय ‘देते’ आणि व्यक्ती निर्णय ‘घेते’, असा उपयुक्त भेदही मराठीत रुजला. ‘निष्कर्ष काढणे’ हा प्रयोग इंग्रजी ‘ड्रॉ’ शी जुळतो म्हणून तो उसना ठरविण्याची घाईही करू नये. ‘निष्कर्ष’ या शब्दातील ‘कृष्’ धातूचा अर्थच मुळी ओढणे असा आहे. केवळ साम्यावरून ऋण सिद्ध होत नाही.

तेव्हा कसोटी प्रयोगाच्या उगमाची नसावी. इंग्रजी न जाणणाऱ्या वाचकाला तो अडखळल्याशिवाय कळतो काय, मराठीच्या क्रियापदांशी त्याचे नाते जुळते काय आणि आधीचा नेमका शब्द त्याने विनाकारण हुसकावून लावला आहे काय, हे तीन प्रश्न विचारावेत. प्रत्येक प्रकरणाने कशावर तरी ‘प्रकाश टाकला’ असे लिहिताना दाखविणे, उलगडणे, सिद्ध करणे, सुचविणे या भिन्न क्रियांतील भेद पुसला जातो. येथे हानी होते ती विचाराच्या नेमकेपणाची.

८

अध्यापनाच्या दृष्टीने एवढे सुचवावेसे वाटते की, इंग्रजी लेखनातील व्याकरणदोष, सहप्रयोगातील विक्षेप आणि भारतीय इंग्रजीतील रूढ प्रयोग या तीन गोष्टी तपासताना वेगवेगळ्या खुणांनी दाखवाव्यात. पहिल्यासाठी नियम सांगता येतो. दुसऱ्यासाठी नियम नसून संग्रह हवा. तिसऱ्याविषयी ‘ब्रिटिश लेखक येथे असे लिहितो’ एवढी माहिती दिली तरी पुरे. मराठीच्या विभागांनाही एक काम हाती घेता येण्याजोगे आहे. मोल्सवर्थच्या कोशातील एखाद्या अक्षराखालील नामे व त्यांची क्रियापदे घेऊन त्यांपैकी कोणत्या जोड्या आज सातारा-सांगलीच्या बोलण्यात टिकून आहेत आणि कोणत्या मुद्रित गद्यात बदलल्या आहेत, याची पाहणी पीएच. डी. पूर्व प्रकल्पाच्या आवाक्यात बसते. तिला यंत्रापेक्षा चिकाटी अधिक लागेल.

परक्या भाषेतील शब्दांची संगत शिकताना आपल्या भाषेतील शब्दांची संगत प्रथमच डोळ्यांपुढे येते. ऊस तोडावयाचा आणि भात कापावयाचे, हे ज्याला कोणी शिकविल्यावाचून येते, त्याच्याजवळ भाषेच्या रूढीचे ज्ञान आहेच. इंग्रजीच्या वर्गात त्याला प्रथम त्या ज्ञानाची ओळख करून दिली, तर वहीतील तांबड्या रेघेकडे तो अपमान म्हणून न पाहता नोंद म्हणून पाहू लागेल.