गर्भपाताचा हक्क, न्यायालय आणि लोकमत : मुंबई उच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालावरील प्रतिक्रियांचे विवेचन

प्रस्तावना :

४ ऑगस्ट २००८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने गर्भपाताची परवानगी मागणारी एक याचिका फेटाळली. मुंबईतील एका दांपत्याने आणि त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी ही याचिका केली होती. गर्भाच्या हृदयात जन्मजात दोष असल्याचे निदान झाले तेव्हा गर्भधारणेचे वीस आठवडे उलटून गेले होते आणि त्या वेळच्या कायद्यात वीस आठवड्यांनंतर गर्भपातास मुभा नव्हती. निकालानंतर काही आठवडे वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी, वैद्यकीय संघटना, धर्मसंस्था, स्त्रीसंघटना आणि अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारे कार्यकर्ते यांच्यात चर्चा होत राहिली. न्यायालयीन निकालामुळे गर्भपाताचा प्रश्न घराघरांत बोलला जावा, असे महाराष्ट्रात क्वचितच घडले असेल.

या प्रतिक्रियांचे वर्णन सामान्यतः ‘बाजूने’ आणि ‘विरोधात’ अशा दोन गटांत केले जाते. प्रस्तुत लेखात अशी विभागणी अपुरी कशी ठरते, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. तसेच या प्रतिक्रियांपैकी कोणता भाग पुढे कायद्यात उतरला आणि कोणता मागे राहिला, याचाही विचार केला आहे. संबंधित कुटुंबाच्या खाजगी जीवनाची चर्चा करणे हा लेखाचा हेतू नसल्याने त्यांचा नामोल्लेख टाळला आहे.

कायद्याची पार्श्वभूमी :

भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२ नुसार गर्भपात घडवून आणणे हा गुन्हा होता. स्त्रीचा जीव वाचविण्याचा अपवाद वगळता स्वतः गर्भवती स्त्रीही या गुन्ह्यास पात्र ठरत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम ८८ च्या रूपाने ही तरतूद कायम आहे. म्हणजे आपल्या कायद्याचा मूळ पाया आजही गुन्ह्याचाच आहे आणि वैद्यकीय गर्भपात कायदा हा त्याला केलेला अपवाद आहे. पुढील सर्व वादांचे मूळ या रचनेत आहे.

असुरक्षित गर्भपातांमुळे होणारे मृत्यू लक्षात घेऊन केंद्र शासनाने १९६४ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला. त्यातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा निर्माण झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. या कायद्यानुसार बारा आठवड्यांपर्यंत एका आणि बारा ते वीस आठवड्यांपर्यंत दोन नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येत असे. स्त्रीच्या जिवाला किंवा शारीरिक-मानसिक स्वास्थ्याला धोका, बलात्कारातून राहिलेला गर्भ, विवाहित स्त्रीच्या बाबतीत संततिनियमनाच्या साधनाचे अपयश आणि जन्मणाऱ्या मुलात गंभीर व्यंग असण्याची भरीव शक्यता, ही त्याची कारणे होती. वीस आठवड्यांनंतर मात्र स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी तातडीने आवश्यक असेल तरच मुभा होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या कायद्यात स्त्रीची संमती आवश्यक मानली आहे. परंतु केवळ तिच्या इच्छेवर गर्भपात होऊ शकत नाही. कारण पुरेसे आहे की नाही, हे डॉक्टरने ठरवावयाचे असते. व्यवहारात कायद्याचा अर्थ बराच उदारपणे लावला गेला, त्यामुळे ही उणीव अनेक वर्षे फारशी जाणवली नाही.

दरम्यान वैद्यकशास्त्र पुढे गेले. गर्भातील व्यंग शोधण्यासाठी केली जाणारी सविस्तर सोनोग्राफी साधारणतः अठराव्या ते विसाव्या आठवड्यात होते. हृदयाचे काही दोष तर त्यानंतरच्या तपासणीत स्पष्ट होतात. म्हणजे निदान हाती येते तेव्हा कायद्याची मुदत संपत आलेली असते किंवा संपलेली असते. १९७१ मध्ये ही तपासणी उपलब्ध नव्हती, त्यामुळे हा पेच कायदा करणाऱ्यांसमोर येण्याचे कारण नव्हते.

निकालाचे स्वरूप :

याचिकाकर्त्यांचे म्हणणे असे होते की, गंभीर व्यंगाचे कारण कायदा वीस आठवड्यांपर्यंत मान्य करतो. मग व्यंगाचे निदानच त्यानंतर झाले तर तेच कारण अमान्य का व्हावे? न्यायालयाने शासकीय रुग्णालयातील तज्ज्ञांचे मत मागविले. मूल जन्मास आले तर त्याला गंभीर अपंगत्व येईलच, असे निश्चित मत न्यायालयासमोर आले नाही. त्यामुळे वीस आठवड्यांच्या आत अर्ज आला असता तरीही परवानगी देता आली नसती, असे न्यायालयाने म्हटले. कायद्यात नसलेली तरतूद न्यायालयाने घालणे म्हणजे विधिमंडळाचे काम न्यायालयाने करणे होय, ही निकालामागील दुसरी भूमिका होती. पुढे त्याच महिन्यात त्या स्त्रीचा गर्भ नैसर्गिकरीत्या पडला आणि तिच्यापुरता प्रश्न संपला. सार्वजनिक प्रश्न मात्र संपला नाही.

प्रतिक्रियांचे प्रमुख प्रवाह :

(१) करुणेचा प्रवाह : सर्वसामान्य वाचकांच्या प्रतिक्रियांत सहानुभूतीचा सूर मोठा होता, पण तो दोन दिशांना गेला. काहींना आईवडिलांच्या यातना दिसल्या. वारंवार शस्त्रक्रिया, उपचारांचा खर्च आणि आपल्या पश्चात मुलाचे काय होणार ही चिंता त्यांनी बोलून दाखविली. काहींना न जन्मलेल्या बाळाची कणव वाटली आणि त्याच्या उपचारांची किंवा संगोपनाची जबाबदारी घेण्याची तयारीही दाखविण्यात आली. दोन्ही प्रतिक्रिया प्रामाणिक होत्या. तथापि दुसऱ्या प्रतिक्रियेत गर्भ वाढविणारी स्त्री ही जणू एक मध्यंतरीची अवस्था ठरते, याकडे फारसे लक्ष गेले नाही. मूल दत्तक घेता येते, गर्भारपण आणि बाळंतपण दत्तक घेता येत नाही.

(२) धार्मिक व नैतिक प्रवाह : कॅथलिक चर्चने निकालाचे स्वागत केले. गर्भधारणेपासून जीवन पवित्र आहे, या त्यांच्या जुन्या भूमिकेशी ते सुसंगत होते. इतर धर्मीयांतूनही गर्भपात म्हणजे पाप असा सूर उमटला. मात्र भारतातील चर्चेचे एक वैशिष्ट्य असे की, येथे गर्भपात कायदा रद्द करावा अशी प्रबळ राजकीय मागणी पुढे आली नाही. अमेरिकेप्रमाणे हा प्रश्न पक्षीय राजकारणाची सीमारेषा बनला नाही.

(३) वैद्यकीय प्रवाह : डॉक्टरांच्या एका मोठ्या वर्गाने मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढवावी, अशी मागणी केली. त्यांचा युक्तिवाद तंत्रज्ञानाचा होता : तपासणी बदलली, म्हणून मुदतही बदलावी. काही बालहृदयतज्ज्ञांचा विचार वेगळा होता. हृदयाच्या अनेक दोषांवर आता उपचार होऊ शकतात, तेव्हा निदान म्हणजे निर्णय नव्हे, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

(४) अपंगांच्या हक्कांचा प्रवाह : या चर्चेतील सर्वांत अस्वस्थ करणारा प्रश्न येथून आला. निरोगी गर्भाबाबत जी मुदत, ती व्यंग असलेल्या गर्भाबाबत का वाढवावी? तसे करणे म्हणजे अपंग आयुष्य कमी मोलाचे आहे असे कायद्यानेच सांगणे नव्हे काय? भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास ऑक्टोबर २००७ मध्ये, म्हणजे निकालापूर्वी वर्षभरही झाले नव्हते तेव्हा, मान्यता दिली होती. त्या पार्श्वभूमीवर हा आक्षेप अधिक वजनदार ठरतो. अपंग मुलाच्या शाळेची, उपचारांची आणि प्रवासाची सोय समाज करीत नाही आणि मग त्याच्या जन्माला दुर्दैव म्हणतो, हा त्यामागील आरोप होता.

(५) स्त्रीवादी प्रवाह : महाराष्ट्रातील स्त्रीचळवळीची स्थिती अवघड होती. १९८० च्या दशकात येथील संघटनांनी गर्भलिंगनिदानाविरुद्ध लढा दिला. त्यातून १९८८ मध्ये देशातील पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा महाराष्ट्रात झाला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. तरीही राज्यातील सहा वर्षांखालील बालकांचे लिंग गुणोत्तर १९९१ मधील ९४६ वरून २००१ मध्ये ९१३ पर्यंत घसरले. त्यामुळे गर्भपाताचा हक्क मागताना लिंगनिवडीला मोकळे रान मिळणार नाही ना, ही भीती कार्यकर्त्यांना होती. ‘मुलगी नको’ म्हणून केलेली निवड चूक, तर ‘व्यंग असलेले मूल नको’ म्हणून केलेली निवड बरोबर कशी, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला.

या संदर्भात शब्दांचाही विचार करावा लागतो. लिंगनिवडीविरुद्धच्या प्रचारात ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द मराठीत सर्वत्र रूढ झाला. हेतू चांगला होता. परंतु ‘हत्या’ हा शब्द एकदा रुळला की तो कायदेशीर गर्भपातालाही चिकटतो. गर्भपात करणे हाच गुन्हा आहे, असा समज त्यामुळे बळावतो. म्हणूनच अनेक अभ्यासक ‘गर्भलिंगनिवड’ हा शब्द वापरणे पसंत करतात.

प्रतिक्रियांतून हरवलेला प्रश्न :

वरील प्रवाह एकत्र पाहिले असता एक गोष्ट प्रकर्षाने दिसते. बहुतेकांनी ‘हा गर्भ जन्मास यावा की नाही?’ या प्रश्नाचे उत्तर दिले. ‘हे कोणी ठरवावे?’ हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. मुदतवाढीचे समर्थक व्यंगाची तीव्रता सांगत होते, विरोधक उपचारांची शक्यता सांगत होते. दोघांच्याही युक्तिवादाचा केंद्रबिंदू गर्भाची प्रकृती हाच होता. वस्तुतः ‘कोणी ठरवावे?’ हा प्रश्न केंद्रस्थानी आणला तर अपंग कार्यकर्त्यांच्या आक्षेपाचाही काही अंशी परिहार होतो. व्यंग हे गर्भपाताचे खास कारण न ठरता स्त्रीची परिस्थिती आणि निर्णय हेच कारण ठरले, तर कायद्याला अपंग आयुष्याचे मोल करण्याची गरज उरत नाही.

पुढील वाटचाल :

निकालानंतर केंद्र शासनाने कायद्यात बदल करण्याचा विचार बोलून दाखविला. परंतु प्रत्यक्ष बदल होण्यास तेरा वर्षे लागली. २०१४ मध्ये सुधारणेचा मसुदा प्रसिद्ध झाला, पण कायदा झाला नाही. या काळात प्रत्येक स्त्रीला स्वतंत्रपणे न्यायालयाचे दार ठोठवावे लागले आणि निकालांत एकवाक्यता राहिली नाही. २०१७ या एकाच वर्षात सर्वोच्च न्यायालयाने कवटीचा विकास न झालेल्या गर्भाच्या प्रकरणात चोविसाव्या आठवड्यात परवानगी दिली, डाउन सिंड्रोमच्या प्रकरणात सव्विसाव्या आठवड्यात ती नाकारली आणि हृदयाच्या गंभीर दोषाच्या प्रकरणात सव्विसाव्या आठवड्यात ती पुन्हा दिली.

२०२१ ची सुधारणा २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली. आता वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. बलात्कारपीडित, अल्पवयीन मुली, गर्भारपणात वैधव्य किंवा घटस्फोट आलेल्या स्त्रिया इत्यादी गटांना चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे. वैद्यकीय मंडळाने गर्भात गंभीर व्यंग असल्याचे निदान केल्यास मुदतीची मर्यादा उरत नाही. साधनाच्या अपयशासंबंधीच्या तरतुदीत ‘पती’ऐवजी ‘जोडीदार’ हा शब्द आला. २००८ मधील वैद्यकीय मागणी अशा रीतीने पूर्ण झाली. ‘कोणी ठरवावे?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र दोन डॉक्टरांऐवजी डॉक्टरांचे मंडळ असे मिळाले.

त्यानंतरच्या निकालांवर उमटलेल्या प्रतिक्रियांत हा प्रश्न अधिक स्पष्टपणे पुढे आला. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांच्या तरतुदीचा लाभ मिळावा असा निर्णय दिला. या कायद्यापुरता बलात्काराच्या व्याख्येत वैवाहिक बलात्काराचा समावेश होतो, असेही सांगितले. त्याचे व्यापक स्वागत झाले. परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये, प्रसूतीनंतरच्या मानसिक आजाराशी झगडणाऱ्या दोन मुलांच्या आईला सव्विसाव्या आठवड्यानंतर परवानगी द्यावी की नाही, यावर दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि १६ ऑक्टोबर रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने परवानगी नाकारली. गर्भ निरोगी होता आणि स्त्रीच्या जिवाला तातडीचा धोका नव्हता, ही त्याची कारणे होती. गर्भ सदोष असेल तर मर्यादा नाही आणि स्त्री खचलेली असेल तर मर्यादा आहे, हा विरोधाभास त्यामुळे ठळक झाला.

निष्कर्ष :

१. २००८ च्या निकालावरील प्रतिक्रियांत निदान पाच वेगळे प्रवाह होते. त्यांना दोन बाजूंत बसविल्यास अपंगांच्या हक्कांची आणि स्त्रीचळवळीची भूमिका नीट समजत नाही.

२. लोकमताचा परिणाम कायद्यावर झाला, पण तो निवडक होता. गर्भाच्या व्यंगाविषयीची मागणी कायद्यात उतरली. निर्णयाच्या अधिकाराचा प्रश्न तसाच राहिला.

३. लिंगनिवडीचा विरोध आणि गर्भपाताच्या हक्काचे समर्थन यांत मूलतः विसंगती नाही. मात्र सार्वजनिक भाषेने ती निर्माण केली आहे. प्रचारातील शब्दयोजनेचा फेरविचार आवश्यक आहे.

शेवटी एका निर्णयाची नोंद करणे उचित ठरेल. जानेवारी २०२३ मध्ये याच मुंबई उच्च न्यायालयासमोर बत्तीस आठवडे पूर्ण झालेल्या एका स्त्रीचे प्रकरण आले. गर्भात गंभीर व्यंग होते, परंतु गर्भारपण फार पुढे गेल्यामुळे वैद्यकीय मंडळाने गर्भपाताची शिफारस केली नव्हती. न्यायालयाने परवानगी दिली आणि निवडीचा अधिकार मंडळाचा नसून त्या स्त्रीचा आहे, असे स्पष्ट केले. २००८ च्या चर्चेत जो प्रश्न फार थोड्यांनी विचारला होता, त्याला साडेचौदा वर्षांनी त्याच न्यायालयातून उत्तर मिळाले. ते उत्तर एका प्रकरणापुरते आहे. कायद्याच्या मजकुरात त्याला अद्याप जागा मिळालेली नाही. ती मिळेपर्यंत गर्भपाताचा हक्क हा डॉक्टर, मंडळ किंवा न्यायाधीश यांच्या अनुकूलतेवर अवलंबून असलेली सवलत राहील आणि वेळ हाती नसलेल्या स्त्रीला ती वेळेत मिळेलच, याची खात्री देता येणार नाही.