निकालपत्रकाची शेवटची ओळ

2014 च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमधल्या पुरुषांच्या जायंट स्लॅलम शर्यतीचं निकालपत्रक सगळे वरून वाचतात. पहिल्या ओळीत अमेरिकेचा टेड लिगेटी, दोन फेऱ्यांची बेरीज 2 मिनिटं 45.29 सेकंद, त्याच्यामागे फ्रान्सचे दोघे, दोघेही पाऊण सेकंदाच्या आत. हे पत्रक खालून वाचलं तर हाती जास्त लागतं. शर्यत पूर्ण करणाऱ्यांच्या यादीत अगदी तळाला, 72 व्या क्रमांकावर, मनालीचा हिमांशू ठाकूर आहे: 3 मिनिटं 37.55 सेकंद. शेवटचा क्रमांक खराच आहे, तो झाकण्याचं कारण नाही. पण या एका आकड्यावरून भारतीय स्कीइंगची परीक्षा करणं चुकीचं आहे, आणि 2022 मध्ये बीजिंगला आरिफ खान 45 वा आला तेव्हा त्याच आकड्याच्या मोजपट्टीने ‘केवढी झेप’ म्हणून जे कौतुक झालं, तेही तितकंच चुकीचं आहे.

आधी उताराकडे पाहू. पुरुषांच्या जायंट स्लॅलममध्ये सुरुवात आणि शेवट यांच्यातला उभा उतार 250 ते 450 मीटर असावा लागतो. विदर्भातलं यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे. म्हणजे यवतमाळहून निघून समुद्राच्या पातळीला येईपर्यंत जेवढं खाली उतरायचं, तेवढं हे खेळाडू सव्वा-दीड मिनिटात उतरतात, तेही पन्नासएक वळणं घेत, एकही गेट न चुकवता. उतरण्याचा क्रम मात्र सर्वांना सारखा नसतो. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या गुणांत जे सरस, ते आधी. पहिल्या पंधरांना गुळगुळीत, टणक बर्फ मिळतो. ज्याचे गुण कमकुवत तो शेवटी, आणि तोवर प्रत्येक वळणावर आधीच्यांच्या स्कीच्या कडांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात. सोचीला 109 जण उतरले. त्यांतले 37 जण दोन फेऱ्या पूर्णच करू शकले नाहीत. ठाकूर शेवटच्या गटात होता आणि तो दोन्ही वेळा खाली पोहोचला. यावर आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे: सावकाश उतरणारा पडत नाही, पदकासाठी जीव तोडून उतरणारा पडतो. बरोबर. शिवाय 52 सेकंदांचं अंतर चाकोऱ्यांनी भरून निघणारं नाही. पण मग ठाकूर तिथे पर्यटक म्हणून गेला होता का? नाही. छोट्या देशांना एक जागा मिळण्यासाठीही पाच शर्यतींच्या सरासरीत 140 पेक्षा जास्त गुण चालत नव्हते (या खेळात गुण जितके कमी तितका खेळाडू वरचा). ती मर्यादा गाठायला परदेशातल्या मान्यताप्राप्त शर्यतींत पुन्हा पुन्हा उतरावं लागतं आणि तो खर्च बहुतेक वेळा घरचाच असतो.

त्या पत्रकात ठाकूरच्या नावापुढे भारत असं लिहिलेलं आहे, आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच नोंद. निवडणुकांतला सरकारी हस्तक्षेप आणि पदाधिकाऱ्यांच्या चारित्र्याचा प्रश्न यांवरून भारतीय ऑलिंपिक संघटना 4 डिसेंबर 2012 रोजी निलंबित झाली. सोचीला गेलेले तिघे, ल्यूजपटू शिव केशवन, क्रॉस-कंट्रीचा नदीम इक्बाल आणि ठाकूर, 7 फेब्रुवारीच्या उद्घाटनाला तिरंग्याशिवाय, ऑलिंपिकच्या ध्वजाखाली चालले. केशवनची स्पर्धा 9 तारखेला संपलीसुद्धा. संघटनेने आरोपपत्र दाखल झालेल्यांना पदं न देण्याची अट मान्य केली, नव्याने निवडणूक घेतली, आणि 11 फेब्रुवारीला निलंबन उठलं. ऑलिंपिक चालू असताना असं होण्याची ती पहिलीच वेळ. ठाकूरची शर्यत 19 तारखेला होती, म्हणून त्याला देश मिळाला. वर्षानुवर्षं ल्यूजमध्ये घालवलेल्या केशवनला तो दोन दिवसांनी हुकला. पदाधिकाऱ्यांच्या खुर्च्यांच्या भांडणाची ही किंमत होती, आणि ती खेळाडूंनी मोजली.

आता बीजिंगची जायंट स्लॅलम. 13 फेब्रुवारी 2022, भर बर्फवृष्टीत मार्को ओडरमाटने 2 मिनिटं 9.35 सेकंदांत सुवर्ण जिंकलं. गुलमर्गजवळच्या टंगमर्गचा आरिफ 2 मिनिटं 47.24 सेकंदांत खाली आला. 72 वरून 45, आणि 52.26 सेकंदांचं अंतर 37.89 वर: आकडे छान दिसतात. पण बीजिंगची शर्यतच आखूड होती. विजेत्याच्या वेळेशी प्रमाण काढलं तर सोचीला ठाकूर 31.6 टक्के मागे होता, बीजिंगला आरिफ 29.3 टक्के. आठ वर्षांत कमाई जेमतेम सव्वादोन टक्क्यांची. दोन्हीकडचा बर्फ वेगळा, हवा वेगळी, तेव्हा ही तुलना ढोबळ आहे, हे मान्य. तरी क्रमांकाच्या तुलनेपेक्षा ती प्रामाणिक आहे. यात आरिफचा दोष शून्य. वडिलांच्या स्कीच्या दुकानापासून सुरुवात करून, 2018 चं ऑलिंपिक पैशांअभावी हुकल्यावरही तो टिकून राहिला. झेप असलीच तर ती त्या एकट्याची आहे, व्यवस्थेची नव्हे.

विदर्भाच्या वाचकाला याचं काय, असं कुणी म्हणेल. 1936 च्या फेब्रुवारीत गार्मिशला अल्पाइन स्कीइंगने ऑलिंपिकमध्ये प्रवेश केला, आणि त्याच वर्षी बर्लिनच्या ऑलिंपिकला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळ दाखवले. यवतमाळच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या त्या पथकाला कुणी क्रमांक विचारला नव्हता; ती मुलं तिथवर तयार होऊन पोहोचली कशी, हे पाहण्यासारखं होतं. हिवाळी खेळांबाबतही तोच प्रश्न विचारायला हवा. भारतीय संघटनेने दर हंगामाअखेर प्रत्येक स्कीपटूचे आंतरराष्ट्रीय गुण, तो किती मान्यताप्राप्त शर्यतींत उतरला आणि त्याचा खर्च कुणी केला, एवढे तीन रकाने जाहीर करावेत. चार वर्षांतून एकदा येणाऱ्या क्रमांकापेक्षा त्या तक्त्यावरून पुष्कळ जास्त कळेल, आणि तोही कुणीतरी खालून वाचायला घेईल.