वेल्सकृत मुंबई बंदराच्या दृश्यांचा काल

बंदराच्या जुन्या छापील चित्रावर साल आढळलें कीं दृश्यहि त्याच सालचें, असें पुष्कळ संग्राहक गृहीत धरतात. ही समजूत किती फसवी आहे हें जेम्स वेल्सच्या मुंबईविषयक चित्रांवरून दिसून येतें.

वेल्स हा स्कॉच चित्रकार १७९१ सालीं मुंबईस आला. सवाई माधवराव व नाना फडणीस यांच्या तसबिरी काढणारा म्हणून तो आपणांस परिचित आहे. मुंबई बेट व आसपासचा प्रदेश यांच्या बारा दृश्यांचा त्याचा संच लंडन येथें १८०० सालीं प्रसिद्ध झाला. वेल्स तर १७९५ सालींच वारला होता. दृश्यें १७९१ व १७९२ सालीं घेतलीं, असें संचाच्या शीर्षकांतच नमूद आहे. म्हणजे छपाई १८०० ची, पण देखावा सवाई माधवरावांच्या हयातींतला. हींच चित्रें वसईच्या तहाच्या (१८०२) वेळची मुंबई म्हणून दाखविल्यास दहा वर्षांची चूक पदरीं येते.

शीर्षक उपलब्ध नसेल तेथें चित्रांतील खुणा पाहाव्या. ब्रिटिश संयुक्त निशाणांत तांबडा तिरकस क्रूस १ जानेवारी १८०१ पासून आला. तो रेषांतच कोरलेला असेल तर ताम्रपटाचा तेवढा भाग तरी त्यानंतरचा. नुसता रंगानें दाखविला असेल तर पुरावा दुर्बळ, कारण रंग बहुधा छपाईनंतर हातानें भरीत. टाउन हॉल (१८३३) पूर्ण दिसल्यास चित्र तत्पूर्वींचें नव्हे. उलट, एखादी वस्तु चित्रांत नाहीं एवढ्यावरून मात्र काल ठरवूं नये. चित्रकार नको तें गाळीत असे.

दुसरें उदाहरण कॅप्टन ग्रिंडले याचें. पश्चिम हिंदुस्थानच्या दृश्यांचा त्याचा ग्रंथ १८२६ ते १८३० या काळांत भागशः निघाला. तो स्वतः १८२० सालींच कंपनीच्या नोकरींतून निवृत्त झाला होता. शिवाय त्यांतील कित्येक रेखाटनें विलायतेंतील चित्रकारांनीं पुन्हां काढलेलीं आहेत. तेव्हां मचव्याचें शीड किंवा डोलकाठीचा कल यांविषयीं अशा चित्राची साक्ष एकटी प्रमाण मानूं नये.

चित्रकार, कोरणारा, प्रकाशक व साल यांची ओळ बहुधा चित्राखालच्या समासांत असते. चौकटींत बसविण्यासाठीं समास कापला कीं हा दाखला कायमचा नाहींसा होतो. कागद उजेडासमोर धरून जलचिन्हहि पाहावें. त्यांत प्रकाशनानंतरचें साल आढळलें तर ती प्रत मागाहून छापलेली समजावी. म्हणून काढल्याचा, प्रकाशनाचा व त्या प्रतीच्या छपाईचा, असे तीन काल संग्राहकांनीं आपल्या यादींत निरनिराळे नोंदवावे.